मीकात ओलांडताना

आम्ही ताइफला राहतो. इथून डोंगराचा घाट उतरला की मक्का, म्हणजे जेमतेम तासाभराचा रस्ता. त्यामुळे रत्नागिरीकडच्या आमच्या गावातून कुणीही हज-उमऱ्याला आलं की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "तुमचं काय बाई, अल्लाच्या घराशेजारी राहता." मी हसते आणि चहा ठेवते. आमच्या घराशेजारी खरं तर एक टायरवाला आहे, आणि पलीकडे कोंबड्यांचं दुकान. पण लोकांना वाटतं, इथे राहणाऱ्याची दुआ आधी पोचते. मलाही तसंच वाटायचं. हा अनुभव लिहायला बसले तेव्हा आधी हेच सांगावंसं वाटलं, की ते वाटणं माझ्या मनातून पार गेलं होतं. मी नमाज पढत होते, रोजे ठेवत होते, पण दुआसाठी हात उचलले की ओंजळ रिकामीच ठेवून खाली आणत होते. मागायचं काय आणि कुणाकडे, अशी माझी अवस्था होती. आणि हरममध्ये, म्हणजे काब्याभोवतीच्या मशिदीत, पुन्हा पाऊल ठेवायचं नाही, हे तर मी मनाशी पक्कं केलं होतं.

कारण सांगते. आमची एकुलती एक मुलगी, नाझनीन. तिचा जन्म इथलाच, शिक्षण इथल्या भारतीय शाळेत. मी मराठीत ओरडायचे, ती इंग्रजीत उलट उत्तर द्यायची, आणि तिचे बाबा हिंदीत दोघींना गप्प करायचे. पुढे ती इथल्या एका इस्पितळात लॅबमध्ये लागली. तिथे हारिस नावाचा इंडोनेशियाचा नर्स होता. मुलगा शांत, नमाजी, डोळे खाली ठेवून बोलणारा. गावात आमच्या भावकीने नाकं मुरडली, "कोकणातली मुलं संपली काय?" म्हणून विचारलं. आम्ही कुणाचं ऐकलं नाही. लग्न ताइफलाच झालं. आमचे हे इथल्या एका गुलाबपाण्याच्या कारखान्यात तांब्याच्या भट्ट्या बसवायचं आणि दुरुस्त करायचं काम करतात. त्यांनी लग्नात प्रत्येक पाहुण्याला पहिल्या धारेच्या गुलाबपाण्याची बाटली दिली. "पहिल्या धारेचं" म्हटल्यावर गावाकडचे पाहुणे गालातल्या गालात हसले होते. तो दिवस फार चांगला होता. मग हारिसचा करार संपला आणि ती दोघं जकार्ताला गेली. तिथे त्यांना मुलगी झाली, सल्मा.

गेल्या वर्षी नाझनीनला डेंग्यू झाला. आधी साधा ताप म्हणाले, मग प्लेटलेट उतरल्या, मग फोनवर हारिसचं बोलणं तुटक होत गेलं. मी यांना म्हटलं, मला हरममध्ये घेऊन चला. रीतसर इहराम बांधून, म्हणजे उमऱ्याचा संकल्प करून, आम्ही गेलो. आमच्याकडे मानतात की काब्यावर पहिली नजर पडते तेव्हा मागितलेली दुआ वाया जात नाही. मी नजर खाली ठेवूनच आत गेले, जागा बघून उभी राहिले, मगच मान वर केली आणि मुलीचं आयुष्य मागितलं. दुसरं काही मागितलं नाही, स्वतःची माफीसुद्धा नाही. काब्याभोवतीचा तवाफ झाला, सफा-मरवा टेकड्यांमधली सई झाली, बाहेर येऊन चपला शोधल्या आणि पिशवीतला फोन काढला. हारिसचे कितीतरी कॉल येऊन गेले होते. मी काब्याभोवती फिरत होते त्याच वेळात नाझनीन गेली होती.

तिथल्या रिवाजाप्रमाणे त्यांनी त्याच दिवशी तिला माती दिली. आपल्यातही मय्यत ठेवत नाहीत, त्यांना दोष कसा द्यायचा? पण निदान लगेच निघावं म्हटलं तर आमचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, संपलेला. यांच्या कफीलने, म्हणजे ज्याच्या नावावर आम्ही इथे राहतो त्या मालकाने, तो वाढवायचा ठेवला होता, आज करतो, उद्या करतो चाललं होतं, आणि तो स्वतः कुठेतरी परदेशात होता. इकाम्याशिवाय बाहेर जाऊन परत यायचा परवाना मिळत नाही. हे रोज कचेरीत जाऊन बसायचे. तिथला माणूस रोज म्हणायचा, "बुक्रा, इन्शाल्लाह." बुक्रा म्हणजे उद्या. ज्या मुलखात मी माझं अख्खं आयुष्य काढलं, त्या मुलखाने मला माझ्या मेलेल्या मुलीकडे जाऊ दिलं नाही. शेजारणी येऊन म्हणायच्या, सब्र कर, सब्र. मला त्या शब्दाचीच चीड येऊ लागली होती.

इकामा हातात आला तोवर कित्येक महिने उलटले होते. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, सल्माला घेऊन यायचं. यांनी खटपट करून तिचा भेटीचा व्हिसा काढला. "भेटीवर येल, मग परत पाठवायला लागेल, हां," असं त्यांनी मला बजावलं. मी हो म्हटलं. मनात म्हणत होते, एकदा पोरगी इथे येऊ दे, पुढचं पुढे बघू. हारिसही फोनवर तयार झाला. तो दिवसभर कामावर, घरी त्याची आई एकटी. आमच्या यांनी गाडीत मागच्या बाजूला लहान मुलाची खुर्ची बसवून घेतली. देवाने एक घेतलं होतं, निदान हे तरी माझ्या पदरात पडायला हवं होतं. जकार्ताच्या विमानात बसताना मी दुआ मागितली नाही. माझ्या लेखी ते येणं होतं, मागणं नव्हतं.

जकार्ताचं मला सगळ्यात जास्त काय खटकलं असेल, तर ते आमच्या गावासारखं होतं. मोठमोठ्या इमारती मागे टाकून टॅक्सी गल्लीत शिरली आणि कौलं दिसू लागली, नारळ, केळी, दारापुढे तुळतुळीत सारवल्यासारखी झाडलेली जागा, अंगाला चिकटणारी तीच दमट हवा. ताइफच्या कोरड्या हवेत मी या सगळ्यासाठी किती झुरले होते, आणि ते मला इथे, या कामासाठी आले असताना भेटावं? विहीणबाई दारात उभ्या होत्या. माझ्याहून थोड्या लहानच असतील. अंगाने भरलेल्या, पायांवर सूज, चार पावलं चालल्या की दम लागायचा. त्यांना माझी भाषा येत नव्हती, मला त्यांची. त्यांनी तांदळाच्या पिठाच्या गोड, वाफवलेल्या वड्या पुढे केल्या. मेलेल्या माणसाच्या नावाने त्या करतात, असं हारिसने सांगितलं. मी एक तोंडात टाकली तर चव थेट आमच्या सांदणाची. मी ती कशीबशी गिळली. नाझनीन फोनवर सासूबद्दल सांगायची, "अम्मी, शी मेक्स सांदण बेटर दॅन यू." तेव्हा मी हसले होते.

आणि सल्मा. ती मला नानी म्हणून ओळखत होती, पण ती नानी फोनमध्ये राहायची. मी समोर बसले तर तिने माझ्या हातातला फोन घेतला आणि त्यात बोट फिरवत नानीला शोधू लागली. हारिस आणि त्याची आई हसले. मीही हसल्यासारखं केलं. खायला, झोपायला, रडायला तिला आजीच लागायची, म्हणजे विहीणबाई. त्या तिला कमरेवर घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जायच्या आणि वाटेत दोनदा भिंतीला टेकून श्वास घ्यायच्या. मी ते दारातून बघायचे. खोटं कशाला बोलू, मला वाटायचं, या बाईच्याने पोर सांभाळवत नाही, हे बरंच आहे.

मग आम्ही कबरीवर गेलो. आमच्या गावात बायका कबरस्तानात जात नाहीत, सौदीत तर नाहीच नाही. मी माझ्या आईची कबरसुद्धा पाहिलेली नाही. तिथे मात्र बायका गवतावर बसून निवांत कुराणातली यासीन पढत होत्या. फाटकापाशी फुलांच्या पाकळ्या पुड्यांत विकत होते. मला काय करायचं तेच कळेना, कुठे उभं राहायचं, हात कुठे लावायचा. विहीणबाईंनी मला खांद्याला धरून खाली बसवलं आणि माझ्या हातात पाकळ्या दिल्या. दगडावर नाझनीनचं नाव होतं आणि पुढे 'बिन्ते', म्हणजे कन्या, म्हणून आमच्या यांचं नाव, इतक्या लांबच्या मातीत. मी ताइफहून तिच्यासाठी गुलाबपाण्याची बाटली नेली होती. तिथली रीतच आहे कबरीवर पाणी शिंपायची, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. मी सगळी बाटली ओतली. विहीणबाई दुआ मागत राहिल्या, सल्माने त्यांचं बघून हात पसरले. मी माझे हात मांडीवरच ठेवले.

निघायच्या दिवशी सकाळी विहीणबाईंनीच तिला आंघोळ घातली, नवीन बूट घातले, वड्यांचा डबा भरून दिला. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि बाहेर आल्याच नाहीत. हारिस पुढच्या सीटवर बसला, मी सल्माला मांडीवर घेतलं. टॅक्सी सुटेपर्यंत ती नवीन बुटांकडेच बघत होती. मग तिच्या लक्षात आलं, की आजी आत आली नाही. तिने जो सूर धरला तो सोडलाच नाही. श्वास कोंडला, ओठ काळेनिळे झाले, मग एकदम मोठ्याने रडली, माझ्या अंगावर उलटी केली, आणि पुन्हा श्वास कोंडला. आई गेल्यापासून असं होतं, हारिस म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "मम्मी, तुम्ही म्हणाल तसं," एवढंच तो इंग्रजीत बोलला आणि पुढे बघत राहिला.

मी वाट बघितली. खरंच बघितली. म्हटलं, आता तरी काहीतरी कर, ही गप्प होऊ दे, हिला झोप लागू दे. काही झालं नाही. गल्ली संपून मोठा रस्ता आला तेव्हा मी टॅक्सी मागे फिरवायला सांगितली. कुणी म्हणेल, मला सुबुद्धी झाली. तसलं काही नव्हतं, मी हरले होते. विहीणबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, तशा सुजल्या पायांनी, आणि पोरगी त्यांच्या गळ्यात पडून गप्प झाली. त्यांनी माझा हात धरून स्वतःच्या कपाळाला लावला. तिथे मोठ्यांना असा मान देतात. मी हात काढून घेतला आणि टॅक्सीत जाऊन बसले. विमानतळावरच्या बाथरूममध्ये कपडे बदलले, पण तो वास नाकातून जाईना.

परतीच्या विमानात माझ्याखेरीज जवळपास सगळे उमऱ्याला निघालेले. एकेका जथ्याचे एकसारखे छापील कपडे, गळ्यात ओळखपत्रं, तोंडात जिक्र, अल्लाच्या नावाचा जप. मी डोळे मिटून बसले होते. शेजारी एक म्हातारी होती, सीती नावाची, वाळकी, सारखी हलणारी. तिने माझा काळा अबाया पाहिला आणि अरबीत विचारलं, कुठली? मी ताइफ म्हटल्यावर तिचा चेहरा खुलला. मोडक्यातोडक्या, पण अस्सल ताइफच्या घरांतल्या अरबीत ती बोलू लागली. तरुणपणी ती ताइफमध्ये घरकामाला होती, बरीच वर्षं. मालकिणीची मुलं तिनेच वाढवली. मला तिचं ऐकायचं नव्हतं. पण खिडकीकडे ती आणि वाटेकडे एक घोरणारा माणूस, जाणार कुठे?

ती म्हणाली, एवढी वर्षं ताइफला असून काबा पाहिला नाही. घरची माणसं रमजानात हरमला जायची, तेव्हा तिला न्यायची, पण ती मुलं सांभाळत बाहेरच्या अंगणात बसायची. "आज सुट्टी," असं म्हणून ती हसली. मी विचारलं, आणि तुझी मुलं? एकच मुलगी, ती म्हणाली, दूध पिती ठेवून गेले होते, आईजवळ. माझ्या तोंडून कडवटपणे निघालं, "मग परत आलीस तेव्हा तिने ओळखलं का तुला?"

"ला वल्लाह," सीती म्हणाली. "नाही. पळून शेजारच्या घरात लपली. मला बघून रडायची. मी खूप रडले."

"मग?"

"मग काय? माझी आई होती ना. आई होती म्हणून पोर जगली." आणि ती बोटांवरची मेंदी बघत म्हणाली, "हे तिकीट त्याच पोरीने काढलं."

तिने हे मला उपदेश म्हणून सांगितलं नाही. माझं काय झालंय, हे तिला माहीतच नव्हतं. मी पुन्हा डोळे मिटले.

थोड्या वेळाने विमानात घोषणा झाली, की मीकात जवळ येत आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, मक्क्याच्या चारी बाजूंना काही ठिकाणं ठरलेली आहेत. उमऱ्याला निघालेल्याने त्यांच्या अलीकडेच इहरामची नियत करायची, म्हणजे संकल्प बोलायचा. विमान ते ठिकाण ओलांडून गेलं की वेळ चुकली. आणि एकदा नियत केली की माणूस बांधला गेला. उमरा पुरा केल्याशिवाय सुटका नाही, मधूनच "राहू दे" म्हणता येत नाही. मला अर्थातच काही करायचं नव्हतं, मी घरी चालले होते. पण सीतीने एकदम माझं मनगट धरलं. तिचे ओठ हलत होते, शब्द येत नव्हते. घरी पाठ केलेलं सगळं त्या क्षणी तिच्या डोक्यातून गेलं होतं. त्यांचा पुढारी कुठेतरी पुढे, सगळे आपापलं बोलण्यात गुंग, पट्टे बांधायचा दिवा लागलेला. "गुली, गुली," ती म्हणत होती. सांग, सांग.

आपल्या गावच्या किती बायकांना मी हे शब्द पढवले आहेत, त्याची गणती नाही. मी यंत्रासारखी सुरू झाले. "लब्बैक." ती म्हणाली, लब्बैक. "अल्लाहुम्म." अल्लाहुम्म. "उमरतन." ती अडखळली. पुन्हा पहिल्यापासून. लब्बैक म्हणजे मी हजर आहे, हे तिला समजावं म्हणून मी ते अरबीत सांगितलं, हजर आहे, तू बोलावलंस म्हणून आले. आणि दुसऱ्या वेळी ते शब्द म्हणताना मीच तिचा हात घट्ट धरला. टॅक्सीतल्या त्या क्षणापासून जे कोंडलं होतं ते सगळं वर आलं. आम्ही दोघी एकदम ते वाक्य बोललो, आणि या वेळी मी ते तिला पढवत नव्हते.

विमान खाली उतरू लागलं तशी मी भानावर आले आणि स्वतःशी भांडू लागले. मी तर नुसती शिकवत होते. शिकवणाऱ्याची कसली नियत? नियत मनाची असते, जिभेची नसते, हे मला चांगलं माहीत होतं. पण तिथेच सगळी पंचाईत होती. ते वाक्य बोलताना माझं मन कुठे होतं, हे फक्त मला ठाऊक होतं आणि त्याला. जिद्दाला सीतीच्या लोकांनी तिला घाईघाईत रांगेत नेलं. तिने जाताना मागे वळूनही पाहिलं नाही, इतकी ती आनंदात होती. पुन्हा ती मला दिसली नाही.

आमचे हे बाहेर उभे होते. मी एकटीच येताना पाहून त्यांनी मान खाली घातली आणि माझी बॅग घेतली. गाडीत मागची छोटी खुर्ची होती, तिच्यावर प्लास्टिक तसंच. मी पुढे बसून म्हटलं, "अहो, विमानात माझी नियत झाली. चुकून."

त्यांनी गाडी सुरू करता करता थांबवली. मग म्हणाले, "नियत चुकून कशी होल? झाली ती झाली. आता घरी कसा जायाचा? आधी उमरा, मग घर." आणि तिथेच फोनवर माझा उमऱ्याचा परवाना काढला.

मी हरममध्ये एकटीच गेले. ते बाहेर अंगणात थांबले. आत जाताना मी ठरवत होते, या वेळी नजर वर करीन तेव्हा जाब विचारीन. इथेच उभी राहून मागितलं होतं, इथेच मला दिलं नाहीस. मी मान वर केली. काबा तसाच होता, लोकही तसेच फिरत होते. आणि माझ्या डोळ्यांसमोर आले ते विहीणबाईंचे सुजलेले पाय. ती बाई भिंतीला टेकून श्वास घेत होती, कमरेवर माझी नात होती. ही बाई गेली तर? हिचं काही झालं तर माझ्या सल्माला कोण? ज्या गोष्टीवर जकार्तात मी मनातून खूश झाले होते, त्याच गोष्टीने मला तिथे घाम फुटला. माझे हात आपोआप वर गेले. मी म्हटलं, तिला आयुष्य दे. भरपूर दे, माझ्याहून जास्त दे, पोरगी मोठी होईपर्यंत तिचे पाय चालते ठेव. मागताना जीभ कडू झाली होती, हेही सांगते. आयुष्य मागायला मी त्याच जागी दुसऱ्यांदा उभी होते, आणि या वेळी माझ्या माणसासाठी नव्हे तर विहिणीसाठी मागत होते. माझ्या मुलीचं आयुष्य त्याने का दिलं नाही, ते मला आजही कळलेलं नाही. कुणी समजवायला आलं तर मी अजूनही चहा ठेवायला उठते.

सफा-मरवाच्या फेऱ्या मारताना मी पुष्कळ रडले. ती धावपळ मुळात एका आईचीच, तान्ह्या लेकरासाठी पाणी शोधणारीची. पाणी तिने खणून काढलं नाही, ते लेकराच्या पायाशी आपोआप फुटलं. ती नुसती धावली. मी इतकी वर्षं त्या फेऱ्या मारल्या, पण हे कधी मनात आलं नव्हतं. घाट चढून ताइफला पोचलो तेव्हा यांनी मागची खुर्ची सोडवायला घेतली. मी म्हटलं, राहू दे, पुढच्या वर्षी विहीणबाईंना आणि तिला दोघींना उमऱ्याला बोलवू. ते 'हूं' म्हणाले आणि प्लास्टिक पुन्हा नीट केलं.

त्या दिवसाला मी काय म्हणू? शब्द विसरलेली एक म्हातारी माझ्या शेजारी येऊन बसली, एवढंच घडलं. मागितलेलं मिळालं नाही, पण मागायचं कसं ते मला परत मिळालं. त्याबद्दल मी ऋणी आहे.

आता दर शुक्रवारी जकार्ताहून फोन येतो. सल्मा फोनमध्ये नानी सापडली म्हणून ओरडते, तिचे नवीन दात दाखवते. मी तिला म्हणते, थांब गो बाय, आधी फोन खाली धर. विहीणबाईंना आता ते समजतं. त्या हसत हसत साडीसारखं नेसलेलं ते कापड जरा वर करतात, आणि मी त्यांचे पाय बघते. सूज उतरलेली असली की माझ्या तोंडून अल्हमदुलिल्लाह येतं. मग नातीशी बोलायला बसते.